चाकं टेकल्यानंतर

विमान देखभालीत आयुष्य गेलं, त्यातला मोठा काळ लँडिंग गिअरपाशी. नव्यानं या कामाला लागलेल्यांसाठी हे बोल.

१. ब्रेक करकचून दाबला की विमान लवकर थांबतं, हा गैरसमज. अडकलेलं चाक घसरतं आणि टायर एकाच जागी घासून फुटतो. १९५०च्या दशकात डनलॉपच्या मॅक्सरेट या उपकरणानं यावर यांत्रिक उपाय दिला: चाक अडकू लागताच दाब सोडायचा, फिरू लागलं की पुन्हा धरायचं. आता तेच काम संगणक करतो. त्याला चाकाचा वेग कळवतो तो आसातला लहानसा सेन्सर. त्याची वायर मी स्वतः हात लावून तपासत आलो.

२. यंत्रणेला धावपट्टी दिसत नाही. वॉर्सा, १४ सप्टेंबर १९९३. लुफ्थान्साचं ए-३२० पावसात, एका बाजूला कलून उतरलं. लँडिंग गिअरचा एक पाय टेकला; दुसऱ्यावर वजन यायला सुमारे नऊ सेकंद गेले. इंजिनांचा उलटा जोर दोन्ही पाय दबल्याशिवाय मिळत नसे. पंखांवर उघडणाऱ्या स्पॉइलरना तेच लागे, नाहीतर चाकांचा पुरेसा वेग. आणि ओल्या धावपट्टीवर चाकं तो वेग घेईनात. हवेत या गोष्टी चुकून उघडू नयेत म्हणूनच तो नियम होता, आणि तो गरजेचाच होता. पण अशा लँडिंगचा विचार त्यात अपुरा पडला. विमान धावपट्टीपुढच्या बांधावर आदळलं, दोघांचा जीव गेला. मुंबईत जुलैच्या पावसात विमान उतरताना पाहिलं की वॉर्सा आठवतंच.

३. कार्बनचे ब्रेक किती वेळा लावले, त्यावर झिजतात. सारखे हलके लावण्यापेक्षा एकदाच ठाम लावलेले बरे. झीज बघायची ती पार्किंग ब्रेक लावून, झीज दाखवणारी पिन किती बाहेर उरली त्यावरून.

४. तापलेल्या चाकाकडे पुढून किंवा मागून जा, बाजूनं कधीच नाही. टायर फुटण्याआधी वितळून नायट्रोजन सोडणारे प्लग चाकात असतात, पण त्यांच्या भरवशावर जीव ठेवू नये.

५. बोइंग ७८७चे ब्रेक विजेवर चालतात. ब्रेकपाशी हायड्रॉलिक तेल नाही, म्हणजे गळती नाही, तापलेल्या ब्रेकवर तेल पडून आग लागण्याची भीती नाही. ही प्रगती मला मनापासून आवडते. मात्र गळणारं तेल टॉर्च मारली की दिसायचं. विजेचा बिघाड पडद्यावरच्या संदेशातूनच कळतो. विमान सुटायची वेळ जवळ आली की तो संदेश रीसेट करून घालवायचा मोह होतो. कारण सापडेपर्यंत सही करू नका. उशीर झाला म्हणून चार लोक बोलतील, त्यांना बोलू द्या.