परदेशवारीतला मधला थांबा

जळगाव-धुळ्याच्या माणसाला परदेशी जाताना थेट प्रवास असा नसतोच. जळगावच्या विमानतळावरून देशातल्या मोजक्या शहरांना छोटी विमानं जातात. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमान सुटत नाही. अमेरिकेला निघालेला जळगावकर रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर काटून मुंबई गाठतो. धुळेकर आग्रा रोडने मालेगाव, नाशिक करत कसारा घाट उतरतो. विमानात पाय ठेवण्याआधीच आपला एक टप्पा झालेला असतो, अंग आंबलेलं असतं, मुलांची झोप मोडलेली असते. म्हणून ‘थेट विमान महाग आहे, मधे एक थांबा घेतला की माणशी पंधरा-वीस हजार वाचतात’ हा हिशेब अंधेरीत राहणाऱ्याला जसा लागू पडतो, तसा आपल्याला पडत नाही.

धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. मुलांच्या परीक्षा संपल्यावर आई, आम्ही दोघं आणि दोन्ही मुलं त्याच्याकडे निघालो. आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि मधला वेळ सव्वा तासाचा होता. एजंटने दिलेलं तिकीट नियमात बसणारंच होतं. प्रत्येक विमानतळासाठी विमान बदलायला कमीत कमी किती वेळ लागतो हे ठरलेलं असतं, आणि त्याहून कमी वेळाची जोडणी एका तिकिटावर सहसा मिळत नाही. पण तो वेळ धडधाकट, भरभर चालणाऱ्या माणसाला धरून असतो. आईचे गुडघे गेलेले. तिच्यासाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती.

मुंबईहून विमान अर्धा-पाऊण तास उशिरा उडालं. उतरताना हवाईसुंदरीने आम्हाला बसून राहायला सांगितलं. व्हीलचेअरच्या प्रवाशांना सगळ्यांत शेवटी उतरवतात, हे तेव्हा कळलं. सगळं विमान रिकामं होईपर्यंत आम्ही जागेवर. दाराशी खुर्च्या आल्या त्या कमी, आणि आमच्या पुढे आणखी दोन आजी. मग लांबलचक मार्गिका, लिफ्टपाशी रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी. तिथे आईच्या औषधांची पिशवी उघडली, एकेक पट्टी उलटून पाहिली. मुलगा शूज घालत होता तेवढ्यात पाटीवर आमच्या विमानापुढे ‘गेट बंद’ लागलं. आईने एवढंच विचारलं, “आते कितलं चालनं शे?”

आमचं तिकीट एकच होतं, म्हणजे मुंबईपासून नेवार्कपर्यंत एकाच पीएनआरवर. त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या विमानात जागा, रात्रीचं हॉटेल आणि जेवण कंपनीनेच दिलं. त्याच काउंटरवर धुळ्याचं एक कुटुंब भेटलं. त्यांनी मुंबई ते आखात एक तिकीट आणि तिथून टोरांटोचं दुसरं, वेगळ्या कंपनीचं, अशी स्वस्तातली जुळणी केली होती. पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी ते वेळेवर न आलेले प्रवासी होते. चार जणांची नवी तिकिटं त्यांना त्या दिवसाच्या भावाने काढावी लागली. त्या कुटुंबातल्या बाईंचा चेहरा मला आजही आठवतो. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट एका रात्रीत गेले आणि जबाबदार धरायला कुणीच नाही.

म्हणून तिकिटाचा आकडा पाहण्याआधी एजंटला विचारा: सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का, आणि सामान शेवटपर्यंत टॅग होणार का. मुंबईला बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचा. तिच्यावर शेवटच्या विमानतळाचं नाव हवं. अमेरिकेत मात्र पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागतात. न्यूयॉर्कला उतरून पुढे डॅलसला जायचं असेल, तर मधे तीन तासही कमीच पडतात. अबू धाबीहून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांची ही अमेरिकी तपासणी तिथेच होते. वय झालेल्यांना घेऊन जाताना हा मोठाच आराम आहे.

थांबा घ्यायचाच तर कुठे घ्यायचा, याचा विचार फार कमी लोक करतात. मुंबई ते दुबई तीन-सव्वातीन तास, आणि दुबई ते न्यूयॉर्क चौदा तास. म्हणजे मुलांना नुकती झोप लागते तोच उठवायचं, आणि खरा लांब पल्ला तसाच पुढे उभा. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी थांबलं तर दोन्ही टप्पे साधारण आठ-नऊ तासांचे पडतात. पाय मोकळे होतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते चौदा तासांच्या बैठकीपेक्षा सोसतं. आईवडील बरोबर असतील तर मी युरोपातला थांबाच निवडेन. फक्त ट्रान्झिट व्हिसाची चौकशी आधी करावी. लंडनमध्ये भारतीय पासपोर्टला तो लागतो, अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते. हे नियम बदलत राहतात, म्हणून ओळखीच्याच्या सांगण्यावर न जाता त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावं.

आपली सुट्टी एप्रिल-मेची. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत विक्रमी पाऊस झाला, विमानतळ पाण्याखाली गेला आणि हजारावर उड्डाणं रद्द झाली. विमान बदलायला उतरलेले लोक दिवसच्या दिवस अडकले. तेव्हा औषधं, मुलांचा एक जोड कपडे आणि कोरडा खाऊ हातातल्या पिशवीतच ठेवा. बिबडे, कुरडया मोठ्या बॅगेत जाऊ द्या. लोणच्याची बरणी हातात ठेवली तर मधल्या तपासणीत टाकून द्यावी लागते, कारण बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरच्या वरचं पातळ काही चालत नाही.

थेट विमानाला जास्त पैसे मोजणं कधी योग्य? कडेवरचं मूल असेल, किंवा घरातलं कुणी चालू शकत नसेल, तर मी म्हणेन मोजावेत. पण थेट म्हणजे खरंच थेट का, तेही विचारा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं आहे.

सगळ्यांत कच्चा सांधा मात्र आपल्या घराजवळचाच. रेल्वेला उशीर झाला म्हणून विमान कंपनी थांबत नाही आणि भरपाईही देत नाही. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडकते, हे आपल्याला सांगायला नको. आदल्या दिवशीच ठाण्याला, डोंबिवलीला नातेवाइकांकडे पोचा. परतीच्या वेळी मुंबईत उतरून लगेच जळगावचं विमान धरायचा मोह होतो. तिकडून येताना दोन-दोन बॅगा तेवीस किलोंच्या असतात आणि देशातल्या विमानात साधारण पंधरा किलोंची मुभा. विमानतळावर मग एक तर जादा पैसे भरा, नाहीतर बॅगा उघडून बसा.

मुंबई टाळायची तर धुळ्याला नाशिकचा ओझर विमानतळ जवळ पडतो आणि जळगावला छत्रपती संभाजीनगरचा. दोन्हीकडून दिल्लीला विमानं जातात. घरापासून परदेशापर्यंत एकाच पीएनआरवर तिकीट मिळतं का, हे एजंटला एकदा विचारा. थोडे पैसे जास्त पडले तरी दिल्लीहून सुटणारं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची व्हीलचेअर प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी नोंदली आहे का, हे निघण्याआधी दोन दिवस फोन करून खात्री करून घ्या.