बीज उरू द्या

आजचं चिंतन : महाभारत, वनपर्व. युधिष्ठिराचं स्वप्न.

पांडव वनवासात द्वैतवनात राहत होते. शिकारीवर पोट चालायचं. एका रात्री धर्मराजाच्या स्वप्नात हरणं आली, थरथरत, हात जोडून. म्हणाली, "महाराज, तुमचे भाऊ शूर आहेत. आम्ही आता बियाण्यापुरतेच उरलोय. तुम्ही मुक्काम हलवा, म्हणजे आमचं कुळ पुन्हा वाढेल." सकाळी युधिष्ठिराने भावांना स्वप्न सांगितलं आणि सगळे काम्यकवनात निघून गेले.

नीट बघा, पांडवांनी शिकार सोडली असं कथा म्हणत नाही. काम्यकवनातही हरणं होतीच. पण बीज संपण्याआधी त्यांनी हात आवरला. आणि जागा कोणी सोडली? ज्याच्या हातात धनुष्य होतं, त्याने.

आता आपल्याकडे या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगतो की वाघ माणसाच्या जिवावर उठला, तरी त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नसेल तरच मारायची परवानगी देता येते. २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात 'अवनी' वाघीण गोळीने मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. मागे तिची दोन बछडी राहिली. शहरात हळहळ झाली, हॅशटॅग चालले. तिथल्या गावांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

मग भक्ताने कोणाची बाजू घ्यायची? मित्रांनो, बाजू घेण्याआधी धर्मराजाचा प्रश्न स्वतःला विचारूया : इथे मागे कोण सरकतंय? वाघ जगावा असं आपल्याला वाटतं, पण त्याची किंमत गुरं चारणारा आणि कापूस वेचणारी मोजते. रस्ते, वीज, खाणी आपल्यालाही हव्यातच. हातात ताकद आपल्या आहे, आणि सरकायला आपण सांगतो दुबळ्याला. भूतदया फक्त वाघिणीपुरती ठेवली, तर ती अर्धीच.

आजची साधना छोटीशी आहे. नामस्मरण करताना त्या १३ घरांना आठवा आणि त्या दोन बछड्यांनाही. मग आपली एक गरज शोधा, जी थोडी मागे घेता येईल. सफारीला गेलात, तर "गाडी अजून जवळ घ्या" हे वाक्य गिळून टाका. सुरुवात तिथूनही होते.

राम कृष्ण हरि!