मुलांच्या खेळाचे मोजमाप

मुले हल्ली मुळी खेळतच नाहीत, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते आणि तिचे कारणही लगोलग सांगितले जाते. कोणी अभ्यासाला दोष देतो, कोणी मोबाइलला, तर कोणी मुलांच्या आळसाला. परंतु औषध देण्यापूर्वी नाडी पाहावी, हा वैद्याचा नियम येथेही पाळला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम, मूल हालचाल किती करते हे पाहावे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे श्वासाची गती वाढेल इतपत श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीत ११ ते १७ वर्षांच्या शंभरांपैकी ८१ मुले रोजच्या तासाभराच्या या मापास उतरली नाहीत. मुलग्यांत हे प्रमाण ७८, तर मुलींत ८५ होते.

हे मोजण्याचे मार्ग दोन. एक, विचारून, पण काल आपण किती मिनिटे धावलो हे लहान मुलास आठवत नाही, आणि पालकांचा अंदाजही चुकतो. दुसरा, कमरेला बांधावयाच्या गतिमापक यंत्राने. ते हालचाल नोंदते, परंतु सायकल चालविण्याचे श्रम त्यास नीट कळत नाहीत. शिवाय मूल कोठे व कोणाबरोबर खेळले, ते का थांबले, हे यंत्र सांगत नाही. म्हणून अभ्यासक दोहोंची सांगड घालतात.

यानंतर कारणांचा विचार. ती मुलाच्या स्वभावात, घरात, शाळेत आणि वस्तीत अशी चहूकडे विखुरलेली असतात. जेम्स सॅलिस व त्यांचे सहकारी यांनी २००० साली १०८ अभ्यास पडताळले. लहान मुलांच्या बाबतीत घराबाहेर घालविलेला वेळ आणि हालचाल यांची जोडी त्यांना पुनःपुन्हा आढळली. तथापि जोडी म्हणजे कारण नव्हे. बाहेर गेल्याने मूल खेळते, की मुळात खेळकर असलेले मूलच बाहेर जाते? एक गोष्ट बदलून पुन्हा मोजल्याखेरीज याचा उलगडा होत नाही.

हे घरीही करून पाहता येईल. आठवडाभर एका वहीत चार रकाने भरावेत : किती वेळ, कोठे, कोणाबरोबर, आणि खेळ कोणी थांबविला. मुलगा व मुलगी यांची नोंद वेगळी ठेवावी. पुढील आठवड्यात एकच बदल करावा. उदाहरणार्थ, सायंकाळी वडीलधाऱ्यांपैकी कोणी अर्धा तास अंगणात बसावे आणि दोघांनाही खेळू द्यावे. मग दोन्ही आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात.

मुलीच्या नोंदीतील चौथ्या रकान्यात वारंवार आपलेच नाव आले, तर तिच्या आळसाला बोल लावण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. वाचकांनी ही वही प्रामाणिकपणे भरावी, एवढीच आमची विनंती आहे.