‘पिक अप हिम’ की ‘पिक हिम अप’?

प्रश्न : काकांना भुसावळ स्टेशनवरून आणायचं होतं. मी ‘आय विल पिक अप हिम’ म्हणालो, तर मुलीनं चूक काढली. का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. ‘पिक अप माय अंकल’ चालतं. पण काकांच्या जागी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं : ‘पिक हिम अप’. इथलं ‘अप’ क्रियापदाचाच भाग आहे. ‘लुक आफ्टर हिम’मधलं ‘आफ्टर’ मात्र शब्दयोगी अव्यय, म्हणून सर्वनाम त्याच्या पुढे.

जळगाव-धुळ्याकडे खरी अडचण वेगळीच. मराठीत ‘मला’, अहिराणीत ‘माले’. प्रत्यय सर्वनामालाच चिकटतो आणि ‘सांग’, ‘समजाव’ दोन्हींना तोच पुरतो. इंग्रजीत क्रियापद ठरवतं : ‘टेल मी’, पण ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘त्याच्याशी लग्न’वरून ‘मॅरीड विथ हिम’ होतं. हवं ‘मॅरीड टू हिम’. क्रियापद एकटं पाठ करूच नका. ‘वेट फॉर मी’, ‘लिसन टू हर’ असं अख्खं म्हणा.