किल्ली, कुलूप आणि मुखत्यार

(द्वितीय वर्ष कला)

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. माझीही तीच होती. परंतु गेल्या वर्षी माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे मला या विषयाचा एक लहानसा कोपरा नीट समजून घ्यावा लागला. जे समजले ते माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील बाजार समितीच्या आवारातील एका धान्याच्या गोदामावर रात्रीचे राखणदार आहेत, आई रोजाने शेतात जाते. फीचा भार हलका व्हावा म्हणून मी ‘कमवा व शिका’ योजनेत नाव घातले आणि मला ग्रंथालयात काम मिळाले. जुन्या वार्षिकांकांची पाने स्कॅन करायची आणि ती दूरच्या एका भाड्याच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, नेऊन ठेवायची, असे ते काम. त्या सर्व्हरवर प्रवेश मिळावा म्हणून ग्रंथपाल सरांनी माझ्याकडून एक ‘किल्ली’ तयार करून घेतली. तयार करताना संगणकाने परवलीचे वाक्य विचारले. मी काहीच न लिहिता दोनदा एंटर दाबले. रोज कोण लिहीत बसणार, असा विचार केला. शिवाय कोणत्याही संगणकावरून काम करता यावे म्हणून त्या किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली.

एके दिवशी तो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातील संगणकाला तसाच राहिला. रात्री घरी आल्यावर आठवण झाली आणि झोप उडाली. किती वर्षांचे अंक त्या सर्व्हरवर होते! कोणी पुसून टाकले तर? काम गेले तर फीचे काय? सकाळी सर आले तेव्हा मी रडतच सारे सांगितले. सर रागावले नाहीत. सर्व्हरवरील एका फाइलमधून त्यांनी एक ओळ काढून टाकली. दोन मिनिटांचे काम. मग म्हणाले, “आता ती किल्ली मेली. पेनड्राइव्ह सापडला तरी ती वापरायची नाही.” मी विचारले, “सर, तिला आता परवलीचे वाक्य लावू का?” सर म्हणाले, “अगं, ते तुझ्याजवळच्या प्रतीला लागेल. बाहेर गेलेल्या प्रतीला कसं लागणार?” पेनड्राइव्ह त्याच दिवशी दुकानात सापडला. सुदैवाने नुकसान काही झाले नव्हते. पण प्रश्न मनात राहिला, की किल्ली म्हणजे नेमके काय आणि ती सांभाळायची कशी?

किल्लीची जोडी

दूरच्या संगणकावर जाण्याची सोय फार जुनी आहे. पूर्वी टेलनेट, आरलॉगिन यांसारख्या प्रोग्रामांनी हे काम होई. त्यात परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जात असे. वाटेतल्या कोणालाही तो वाचता येई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात अशीच परवलीच्या शब्दांची चोरी उघडकीस आली. तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच, हा प्रोग्राम लिहिला. पोस्टकार्डाच्या जागी बंद पाकीट आले. पुढे १९९९ साली ओपनबीएसडी प्रकल्पातील मंडळींनी ओपनएसएसएच ही सर्वांना मोफत मिळणारी आवृत्ती आणली. आज बहुतेक ठिकाणी तीच वापरात आहे.

यातील किल्ली एकटी नसते, जोडीने जन्माला येते. एक खासगी आणि दुसरी जाहीर. ही कल्पना १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी मांडली, आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी ती गणिताने प्रत्यक्षात आणली. आता ईडी२५५१९ नावाचा नवा प्रकार अधिक वापरला जातो. ओपनएसएसएचमध्ये तो २०१४ पासून आहे. जाहीर किल्लीला आपण कुलूप म्हणू. ते सर्व्हरच्या दारावर लावायचे. कोणी पाहिले तरी बिघडत नाही, कारण कुलूप पाहून किल्ली घडवता येत नाही. सरांनी पुसलेली ती एक ओळ म्हणजे माझे कुलूप होते. खासगी किल्ली मात्र आपल्याच संगणकावर राहते.

येथे कुलूप-किल्लीची उपमा थोडी अपुरी पडते. घरची किल्ली दारापर्यंत न्यावी लागते. ही खासगी किल्ली दारापर्यंत जातच नाही. प्रत्येक भेटीच्या वेळी एक नवा मजकूर ठरतो, आपला संगणक खासगी किल्लीने त्यावर सही करतो आणि सर्व्हर जाहीर किल्लीने ती सही पडताळतो. मजकूर दर वेळी नवा असल्यामुळे जुनी सही चोरून काही उपयोग होत नाही. म्हणजे चोराला हवी असते ती किल्लीची फाइलच. आणि मी नेमकी तीच खिशात घालून गावभर हिंडत होते!

परवलीचे वाक्य

ही फाइल सुरक्षित राहावी म्हणून दोन उपाय आहेत. पहिला, ती फक्त मालकालाच वाचता येईल अशी ठेवणे. लिनक्समध्ये यासाठी ६०० हा अंक वापरतात. फाइल इतरांना वाचता येण्याजोगी असेल तर एसएसएच ती किल्ली घ्यायलाच नकार देते. दुसरा उपाय परवलीच्या वाक्याचा. त्या वाक्याच्या साहाय्याने किल्लीची फाइल गुप्तलिपीत साठवली जाते. मग फाइल चोरीला गेली तरी वाक्य ठाऊक नसलेल्याला ती उघडत नाही. वाक्य मात्र लांब आणि सहज न सुचणारे हवे.

पण अडचण माणसाच्या स्वभावात आहे. मला दिवसातून वीस-पंचवीस वेळा सर्व्हरवर जावे लागे. दर वेळी लांबलचक वाक्य टाइप करायचे म्हटले की कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस दोनदा एंटर दाबतो. ही अडचण दूर करण्यासाठीच एसएसएच-एजंट हा प्रोग्राम आहे.

एजंटाचे काम

एजंट म्हटले की आपल्याकडे दलाल आठवतो. मला मुखत्यार हा शब्द अधिक जवळचा वाटतो. मुखत्यार आपल्या वतीने सही करतो. हा प्रोग्राम पडद्यामागे शांतपणे चालू असतो. दिवसाच्या आरंभी आपण एसएसएच-ॲड ही आज्ञा देऊन परवलीचे वाक्य एकदाच सांगायचे. (आज्ञा रोमन लिपीत टाइप करतात, येथे उच्चार दिला आहे.) त्यानंतर उघडलेली किल्ली एजंटाच्या स्मरणात राहते. लिनक्समध्ये संगणक बंद केला की ते स्मरण पुसले जाते. पुढे सर्व्हरवर जायचे असेल तेव्हा एसएसएच प्रोग्राम सॉकेट नावाच्या एका खास खिडकीतून सही करायचा मजकूर आत देतो. एजंट आतल्या आत सही करून ती बाहेर देतो. किल्ली मात्र कधीच बाहेर देत नाही. “किल्ली दे” अशी मागणी करण्याची सोयच त्यांच्या बोलण्याच्या नियमांत ठेवलेली नाही.

हे वाचताना मला वडील आठवले. गोदामाची किल्ली ते कोणाच्या हाती देत नाहीत. हमाल असो, दिवाणजी असो, स्वतः उठून दार उघडतात आणि स्वतःच लावतात. मला वाटले, बाबांना हे सांगावे.

राखणदारावर राखण

रात्री भाकरी खाताना मी त्यांना सारे समजावून सांगितले. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. शांतपणे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुझा हा राखणदार कोणाचं तोंड बघून दार उघडतो?”

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सरांना विचारले. सर म्हणाले, “तुझ्या बाबांनी मर्मावरच बोट ठेवलं.” कारण एजंट तोंड पाहत नाही. तुमच्या नावाच्या खात्यातून, त्या खिडकीतून मागणी आली की तो सही करून देतो. तुम्ही जागेवरून उठून गेलात आणि दुसरे कोणी खुर्चीवर बसले, तर त्यालाही करून देईल. त्या संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकालाही ती खिडकी वापरता येते. किल्ली चोरीला जात नाही, परंतु सहीचा गैरवापर होऊ शकतो.

यावर उपाय आहेत. किल्ली देताना एसएसएच-ॲड या आज्ञेला ‘-टी ३६००’ जोडले तर एजंट ती ३६०० सेकंदांनी, म्हणजे एका तासाने, विसरतो. ‘-सी’ जोडले तर तो प्रत्येक सहीपूर्वी आपली संमती विचारतो. हीच आज्ञा ‘-एक्स’सह दिली तर एजंटालाच परवलीचे कुलूप लागते, आणि मोठ्या लिपीतील ‘-डी’ दिली तर तो सर्व किल्ल्या विसरतो. त्याच्याजवळ कोणत्या किल्ल्या आहेत ते ‘-एल’ने पाहता येते.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे एजंटाला दूर पाठवणे. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जायचे असेल तर आपल्या एजंटाची खिडकी पहिल्या सर्व्हरपर्यंत नेता येते. पण मग, आपण जोडलेले असेपर्यंत, त्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाला, किंवा तेथे घुसलेल्या चोराला, आपल्या वतीने सही करून घेता येते. २०१९ साली मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या संदेशवहन प्रकल्पाच्या सर्व्हरांवर घुसखोरी झाली, तेव्हा घुसखोराने अशाच दूरवर नेलेल्या एजंटाचा फायदा घेतला होता. २०१६ पासून ओपनएसएसएचमध्ये प्रॉक्सीजंप ही सोय आहे. तिच्यात पहिला सर्व्हर केवळ वाटेसारखा वापरला जातो. सही आपल्याच संगणकावर होते. शक्य असेल तेथे हाच मार्ग धरावा.

आता ग्रंथालयातील एका संगणकावर माझे वेगळे खाते आहे. नवी किल्ली तेथेच जन्मली आणि तेथेच राहते. पेनड्राइव्हवर तिची प्रत नाही. दुसऱ्या संगणकावरून काम करायची वेळ आली तर तेथे वेगळी किल्ली करायची, म्हणजे एक हरवली तर तेवढेच कुलूप काढता येते. सकाळी एकदा परवलीचे वाक्य लिहिते, एजंटाला दोन तासांची मुदत देते, आणि चहाला उठताना पडदा बंद करून जाते. १९८० च्या आसपासचे अंक सध्या चढवत आहे. त्यांत माझ्यासारख्याच कोणाकोणाचे पहिले लेख आहेत. ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे, याचा मला अभिमान वाटतो.

बाबांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे राखणदार ठेवला तरी मालकाला जागं राहावंच लागतं.” मग काठी आणि बॅटरी घेऊन ते कामावर निघाले. किल्ल्यांचा जुडगा नेहमीप्रमाणे त्यांच्या कमरेलाच होता.