ग्रंथपाल होऊ इच्छिणाऱ्यांस आणि त्यांच्या पालकांस

दहावी-बारावीचे निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घराघरांतून प्रवेशाची खलबते सुरू होतात, आणि अशा वेळी एखाद्या मुलाने वा मुलीने आपणांस ग्रंथपाल व्हायचे आहे असे सांगितले, तर घरातील वडीलधारी मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतात. या पेशात पोट भरेल काय, ही त्यांची पहिली शंका. आणि नाटक-सिनेमा, गाणी, रहस्यकथा यांत रमणारे आपले लेकरू नुसत्या हौसेपायी हा मार्ग धरीत नाही ना, ही दुसरी. पहिल्या शंकेचे उत्तर हातचे न राखता देणे माझे कर्तव्य आहे. दुसरीविषयी माझे मत पालकांच्या मताहून अगदी भिन्न आहे. कारण ज्याला मनोरंजनाची स्वतःची अशी आवड नाही, त्याने ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रथम पोटाची बाब. कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर ग्रंथालय व माहितीशास्त्राची एक वर्षाची पदवी आणि त्यापुढे पदव्युत्तर पदवी घेता येते. मुंबई विद्यापीठ व श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ येथे हे शिक्षण मिळते, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची सोय आहे. महाविद्यालयात रुजू व्हावयाचे तर पदव्युत्तर परीक्षेत किमान 55 टक्के गुण आणि नेट अथवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली हवी. तो हुद्दा लाभला म्हणजे वेतन सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचे. शाळांत पद अर्धवेळ की पूर्णवेळ, हे पटसंख्येवर ठरते. सार्वजनिक ग्रंथालये मात्र 1967 च्या अधिनियमानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली असून मुख्यत्वे शासनाच्या परिरक्षण अनुदानावर चालतात, आणि त्यांतील खालच्या वर्गांच्या सेवकांना दरमहा हाती येणारी रक्कम एका कुटुंबाच्या निर्वाहास पुरत नाही, हे आजच समजून घेतलेले बरे. अनुदानित महाविद्यालयांतील भरतीही मंजुरीच्या कागदांत वर्षानुवर्षे अडकून पडते. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याने एकाच दारावर अवलंबून न राहता संशोधनसंस्था, विधिसंस्था, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग यांकडेही लक्ष ठेवावे, आणि कोहासारखी मुक्त संगणकप्रणाली विद्यार्थिदशेतच हाताळून पाहावी. जेथे वडिलांच्या निवृत्तीनंतर मुलाच्या पहिल्या पगारावरच घर चालावयाचे आहे, तेथे पदवीच्या जोडीला उपजीविकेची दुसरी तजवीज असल्याखेरीज या क्षेत्रात उडी घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

ज्यांच्या नावाने आपल्या देशात हे शास्त्र ओळखले जाते, ते शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद त्यांनी स्वीकारले खरे, परंतु आरंभी ते काम त्यांना इतके नीरस वाटले की पुन्हा अध्यापनाकडे परतण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. पुढे लंडनला जाऊन तेथील ग्रंथालये डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांची वृत्ती पालटली. 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत आणि 1933 मध्ये त्यांची वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली. आपल्या मुलाला पहिल्या वर्षी कंटाळा आला तर लगेच त्याचा निर्णय चुकला असे मानू नये, एवढ्याचसाठी हा दाखला दिला.

आता प्रत्यक्ष काम कसे असते ते पाहू. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत यांचा तपशील चढवायचा, शिक्का मारायचा, वर्गांक ठरवून तो पुस्तकाच्या पाठीवर डकवायचा, आतील पानावर तारीखपट्टी चिकटवायची; हे सारे निगुतीने व्हावे लागते, कारण चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा. परंतु खरी परीक्षा देवघेवीच्या मेजापाशी होते. अंबरनाथमधील एखादी आठवीतील मुलगी येऊन ‘काका, मला आपल्या देवळाची माहिती हवी आहे,’ एवढेच म्हणते. तिला शिवमंदिराविषयी चार ओळी हव्यात की प्रकल्पासाठी वीस पाने, हे दोन प्रश्नांत काढून घ्यावे लागते. मग शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा तेथील शिलालेख, तो कोरविणारे शिलाहार राजघराणे, जुने ठाणे जिल्हा गॅझेटियर, वासुदेव विष्णु मिराशींचे शिलाहारांच्या लेखांवरील संशोधन, अशी वाट तिच्या वयाला झेपेल इतकीच दाखवायची. रोज ज्या देवळावरून ती शाळेत जाते त्याची तिथी तिला सापडते, तेव्हाचा तिचा चेहरा हा या नोकरीतील असा भाग आहे की ज्याची नोंद कोणत्याही वेतनपत्रकात होत नाही.

आणि येथेच मनोरंजनाच्या आवडीचा प्रश्न येतो. वाचक नेहमी ज्ञानासाठीच येतो असे नाही. बहुधा तो दिवसभराच्या लोकलप्रवासाने शिणून आलेला असतो, आणि त्याला काहीतरी चांगले, मन रमविणारे हवे असते. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठी वाचनालयांचा मोठा वर्ग करमणुकीसाठीच वर्गणी भरीत आला आहे, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी वाचनाची गोडी लावलेल्या पिढ्या पुढे इतिहासाकडे व चरित्रांकडेही वळल्या. ज्या ग्रंथपालाने स्वतः रात्र जागून कादंबरी संपविली नाही, नाट्यगृहाच्या पडद्याकडे आतुरतेने पाहिले नाही, त्याला या वाचकाच्या हाती काय द्यावे हे कसे उमगणार? फिलिप लार्किन हा इंग्रज कवी 1955 पासून मृत्यूपर्यंत हल विद्यापीठाचा ग्रंथपाल होता, आणि 1961 पासून दहा वर्षे तो ‘डेली टेलिग्राफ’मध्ये जॅझ संगीतावर समीक्षा लिहीत होता, त्या छंदापायी त्याचे ग्रंथालय मागे पडले नाही. आपल्याकडे पुण्यात 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष जतन केले, त्यामागे चित्रपटाचे निस्सीम वेड होते.

आपल्या परिसरात तर अशा आवडीला कामाचे मोठे क्षेत्र आहे. बदलापूरला श्याम जोशी यांनी उभारलेल्या ग्रंथसखा वाचनालयात दुर्मीळ मराठी ग्रंथ व जुनी नियतकालिके पाहता येतात. ती एकदा चाळली की जुन्या जाहिराती आणि नाट्यपरीक्षणे यांतून एका काळाची अभिरुची कशी डोळ्यांपुढे उभी राहते, ते कळेल. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रयास आलेल्या सिंधी बांधवांच्या वसाहतीला 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या आजोबांची पुस्तके अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत आणि नातवंडांपैकी अनेकांना ती लिपी वाचता येत नाही. सिंधी गीते आवडणारा एखादा तरुण ती लिपी शिकून अशा पुस्तकांची सूची करील, तर ते काम कोणत्याही विद्यापीठाला ललामभूत ठरेल.

एक अडचण मात्र पालकांनी ध्यानात घ्यावी. सार्वजनिक ग्रंथालयांची वर्दळ सकाळ-संध्याकाळची. इतर लोक नाटकाला निघतात त्या वेळी ग्रंथपाल मेजापाशी असतो. सायंकाळच्या मैफलींवर जीव असलेल्याने शाळेचे अथवा महाविद्यालयाचे ग्रंथालय पत्करावे. शिवाय स्वतःची आवड खरेदीच्या यादीवर लादण्याचा मोह आवरता आला पाहिजे. शास्त्रीय संगीताच्या भक्ताने पाककृतींची मागणी तुच्छ मानली, तर तो या हुद्द्यास पात्र नाही.

तेव्हा पालकांना माझी विनंती एवढीच की, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलाला सुट्टीत जवळच्या एखाद्या ग्रंथालयात, कार्यवाहांची परवानगी घेऊन, पंधरा दिवस विनावेतन काम करू द्यावे: पुस्तके लावू द्यावी, धूळ झटकू द्यावी, वाचकांचे प्रश्न ऐकू द्यावे. सोळाव्या दिवशीही तो आपण होऊन तिकडे निघाला, तर त्याला अडवू नका.