तुझ्या हातात दगड होता का?

पन्हाळा, शुक्रवार रात्र

चि. रोहित,

काल तीन दरवाजाजवळ माझ्या गाड्यावर शहरातली चार पोरं कणीस खायला थांबली. मोबाइलवर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबाहेर फुटबॉल सामन्यावरून झालेली मारामारी बघत होती. मीही डोकावलो. पळापळ, दगड, एक मोटारसायकल आडवी पडलेली. मध्येच एक पाठमोरा पोरगा, मान डावीकडं कललेली. अशी मान आपल्या घरात तिघांचीच. आण्णांची, माझी आणि तुझी. रोहित, तुझ्या हातात दगड होता का?

आक्काला मी अजून काही सांगितलेलं नाही.

पाटाकडील तालीम असो, बालगोपाल तालीम असो, आपल्याकडं फुटबॉल संघाच्या नावातच तालीम आहे. आण्णांच्या वेळी पोरानं रस्त्यात कुणावर हात टाकला, तर वस्ताद त्याला मातीत उतरू द्यायचे नाहीत. पोलिसांपर्यंत गोष्ट जायचीच नाही. आज तुम्ही म्हणता, समर्थक काय करतात त्याला खेळाडू काय करणार? सामन्याच्या आदल्या रात्री तीच पोरं तुझ्याबरोबर कट्ट्यावर बसलेली असतात ना? गोल अडवून तू गॅलरीकडं मूठ उगारलीस की सगळी उठतात. मग 'बसा' म्हटल्यावरही तुझंच ऐकतील. ते तू म्हणायला पाहिजेस. बंदोबस्तातल्या हवालदारानं नव्हे.

मी १९ वर्षांचा असताना एकदा आपला संघ हरला होता. बाहेर पडताना मीही दगड उचलला. मारला समोरच्या पेठेच्या पोरांवर, लागला शेंगा विकणाऱ्या म्हातारीच्या कपाळाला. पाटी उपडी झाली. कपाळावरचं रक्त तसंच ठेवून ती रस्त्यावरच्या शेंगा गोळा करत होती. कुणाच्या पायाखाली जातील म्हणून घाई करत होती. मी पळालो. आण्णांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढं काही महिन्यांनी धीर करून गेलो, तर ती तिथं बसत नव्हती. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. म्हणून पुन्हा विचारतो. दगड होता का?

फार बोललो. तू वाईट पोरगा नाहीस, हे मला माहीत आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉल वर्ल्डकपात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा कात्रण कापून तू भिंतीला चिकटवलंस आणि रात्री दोनदा उठून बघितलंस. तो पोरगा मला अजून दिसतो. करंगळीची सूज उतरली का? हातमोजे फाटलेत म्हणत होतास, पैसे आक्काकडं पाठवलेत. चांगले घे.

रविवारी वर ये. वाघबीळच्या पुढं धुकं दाट आहे, गाडी सावकाश चालव. आल्यावर खरं ते सांग. दगड हातात असला तरी ये. कुणाला लागला असेल, तर त्याच्या दारात आपण दोघं मिळून जाऊ. मामी पिठलं-भाकरी करणार आहे, तू आल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही.

तुझा,
मामा